तेवीस घरांपुढे लिहिलेला हौद

चार वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात नळाच्या पाइपसाठी खोदलेला चर खालच्या ओणीच्या तोंडाशी आला आणि डावीकडे वळला. ओणीत तेवीस घरे होती. त्यांपैकी एकाही घराला नळ मिळाला नाही. कंत्राटदाराच्या हातातल्या यादीत या तेवीस घरांपुढे एकच शब्द होता : हौद.

यादी मी तपासली होती. तिच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे.

गाव दुधनीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. नाव देत नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसे अजून हयात आहेत. ओणी म्हणजे गल्ली. शब्द कानडी आहे, पण गावातले मराठी बोलणारेही तोच वापरतात. वरच्या ओणीत घरोघरी मराठी. खालच्या ओणीत घरात कानडी आणि बाजारात मराठी.

मी तिथे समन्वयक होतो. त्याआधी एकवीस वर्षे सोलापुरातल्या एका दैनिकात तालुक्यांची पाने पाहिली. बातमीदारांनी पाठवलेला मजकूर तपासायचा, कापायचा, मथळा द्यायचा. पुढे तालुक्यांची पाने कमी झाली आणि मी या योजनेत आलो.

योजना साध्या शब्दांत अशी. शहरात ज्या सोयी गृहीत धरतात, म्हणजे घरात नळ, झाकलेले गटार, रस्त्यावर दिवे, एसटीसाठी निवारा, दाखले मिळण्याची खिडकी, त्या पाच गावांच्या एका गटात करायच्या. भांडवलातला मोठा वाटा सरकारचा. बांधायचे आणि ठरावीक वर्षे चालवायचे काम एका खासगी कंपनीचे. जागा आणि ठराव ग्रामपंचायतीचे. सोयींसाठी कोणाला गाव सोडावे लागू नये, असा हेतू करारात लिहिला होता. करारावर तीन सह्या होत्या. सह्या करणाऱ्यांपैकी कोणी दुसऱ्याला थेट काही विचारत नसे, म्हणून समन्वयक.

समन्वयक काय करतो, हे मला घरच्यांनाही नीट सांगता आले नाही. तो खोदत नाही, बांधत नाही, मंजूर करत नाही. तो लिहितो. सभेचे इतिवृत्त, पाहणीचा अहवाल, तक्रारींची वही. गावात मला ‘कागदवाले साहेब’ म्हणत.

मी ज्या अपेक्षेने बसलो होतो तशा तक्रारी येत नसत. वरच्या ओणीतले भीमराव ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या दारासमोर नवा दिवा लागला. तिसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले.

“त्या दिव्याचं बटण कुटं हाय?”

“बटण नाही, आजोबा. तो आपोआप लागतो, आपोआप बंद होतो.”

“त्येला कळतंय व्हय मी कवा झोपतो ते? उजेड नीट बाजेवर येतोय. मला बंद करायचं बटण द्या.”

करारात बटणाची तरतूद नव्हती. मी तक्रार पाठवली. कंपनीचे उत्तर आले की दिवा करारात ठरल्याइतका प्रकाश देत आहे. दोन्ही म्हणणी खरी होती. शेवटी पंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी इरण्णा शिडी घेऊन गेला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने दिव्याच्या एका अंगाला बांधला. वहीत मी ‘तक्रार निकाली’ असे लिहिले. कशी निकाली, ते लिहिले नाही.

खालच्या ओणीची तक्रार कार्तिकात आली. ती घेऊन शरणव्वा आल्या.

शरणव्वांचे वय पन्नाशीच्या पुढे. नवरा वारलेला. मुलगा सिद्धाराम सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, बायको आणि मुलीसह तिथेच राहतो. शरणव्वा गावात एकट्या राहून कडक भाकरी करत. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, वाळवून पापडासारखी कडक करतात. ती महिनाभर टिकते. त्यांच्या भाकरीचे खोके एसटीने सोलापूरला, नवी पेठेतल्या दोन दुकानांत जात. पीठ मळायला, भांडी धुवायला लागणारे पाणी शाळेजवळच्या हापशावरून आणावे लागे. त्यांचा उजवा गुडघा धरला होता. त्या दारातच थांबल्या आणि चौकटीला टेकून बोलल्या.

“साहेब, माजा नळ कवा?”

मी यादी काढली. “तुमचं नाव दुसऱ्या टप्प्यात आहे, शरणव्वा. अजून दोन वर्षं.”

“आसं कसं? तुमीच वाचलं की सभेत, माज्या नावाफुडं.”

“काय वाचलं?”

“हौद म्हणून.”

“तेच सांगतोय. ज्यांच्याकडे हौद, त्यांना दुसऱ्या टप्प्यात.”

“मंग? हौद म्हनला का न्हाय तुमी?”

“म्हणालो.”

“मंग द्या की!”

हे असे दोनदा झाले. इरण्णा कोपऱ्यात बसून व्हॉल्व्हच्या चाव्यांना तेल लावत होता. तो हसू लागला. हसता हसता त्याने चावी खाली ठेवली.

“साहेब, त्या ‘हो’ म्हणायलेत. आमच्या कानडीत हौद म्हंजे हो. हौद्री म्हंजे हो जी.”

मी यादीकडे पाहिले. तेवीस ओळी.

“आनि हो म्हनून मला नळ न्हाय?” शरणव्वांनी विचारले.

इरण्णाचे हसणे थांबले.

त्यांनी मग बाकीचे सांगितले. सिद्धारामने हट्ट धरला होता की आईने पाणी वाहणे बंद करावे. नळ येणार म्हणून तो थांबला होता. आता येळ अमावास्येपर्यंत वाट पाहणार, नाही तर सामान उचलून तिला सोलापूरला नेणार, असे त्याने सांगितले होते. येळ अमावास्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी या भागातली गावेच्या गावे शेतात जेवतात. त्या अमावास्येला सहा-सात आठवडे होते.

“मला न्हाय जायचं,” शरणव्वा म्हणाल्या. “पर त्यो बी खोटं बोलत न्हाय. गुडगा माजाच हाय.”

त्या गेल्यावर मी चूक कुठून सुरू झाली ते शोधत मागे गेलो.

सर्वेक्षणाच्या अर्जात एक प्रश्न होता : घरात पाणी साठवण्याची सोय. त्यापुढे चार पर्याय छापलेले : हौद, टाकी, रांजण, काही नाही. हेतू सरळ होता. विहिरीचे पाणी सुरुवातीला सगळ्यांना पुरणार नव्हते. ज्यांच्या घरी हौद आहे, ते टँकरचे पाणी भरून ठेवू शकतात. म्हणून त्यांना नळ नंतर. खालच्या ओणीत माहिती घेणारी तरुणी वर्ध्याकडची होती. तिचे काम चोख होते. तिने दारोदार जाऊन विचारले, “पाणी साठवून ठेवता का?” घागरी, कळशा, पिंप सगळेच भरून ठेवतात. बायकांनी उत्तर दिले, “हौद्री.” तिने छापलेल्या ‘हौद’वर खूण केली. मी तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, “सर, सगळ्यांनी एकदम ठाम सांगितलं होतं. कुणी अडखळलंसुद्धा नाही.”

दैनिकात आमचा एक नियम होता : बातमी दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय छापायची नाही. तो मी इथेही पाळला होता. अर्जांवरून यादी तयार झाल्यावर ती ग्रामसभेत वाचून दाखवली. एकेक नाव, त्यापुढची नोंद, आणि “बरोबर?” असा प्रश्न. खालच्या ओणीची पाळी आली. “शरणव्वा, हौद. बरोबर?” “हौद्री.” “मल्लप्पा, हौद. बरोबर?” “हौद्री.” तेवीस वेळा. त्यांच्या कानांवर काय पडले, हे मला शरणव्वांमुळे कळले. कोणी साहेब आपले नाव घेतो आहे आणि पुढे ‘हो’ म्हणतो आहे. नळ मंजूर झाला असे समजून ती माणसे घरी गेली. इतिवृत्तात मी लिहिले : यादी वाचून दाखवली, उपस्थितांनी होकार दिला. हे वाक्य आजही चुकीचे नाही.

इरण्णा सभेत असता तर हे तिथेच थांबले असते. त्या वेळी वीज आली होती, म्हणून तो मोटारीवर होता.

माझा जन्म सोलापूरचा. हौद्री हा शब्द मी बाजारात, एसटी स्टँडवर, अक्कलकोटच्या बातमीदाराच्या फोनवर कितीदा तरी ऐकला होता. सभेत तो मला मराठी वाटला, कारण माझ्यासमोरच्या कागदावर तो मराठीत छापलेला होता.

कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक मोहिते नावाचे गृहस्थ होते. माणूस सरळ होता. मी सगळे सांगितले. त्यांनी दोनदा ऐकून घेतले.

“चूक मला पटली,” ते म्हणाले. “पण माझा चर यादीच्या मागे जातो, आणि यादी कराराला जोडलेली आहे. उद्या तपासणीला आलेला माणूस विचारेल, इथं का खणलं? मी काय सांगू, कानडीत हो म्हणाले म्हणून?”

“मग करायचं काय?”

“यादी बदलून आणा. दुसऱ्या दिवशी जेसीबी लावतो. तुम्ही कागदवाले, तुम्हाला जमेल.”

यादी बदलायला तीन गोष्टी लागणार होत्या : ग्रामसभेचा नवा ठराव, प्रत्येक घराचा पंचनामा आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयाची मान्यता. ठराव आठ दिवसांत झाला. या वेळी इरण्णा माझ्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक वाक्य दोन भाषांत सांगत होता. एका म्हाताऱ्याने विचारले, “आता हौद म्हनायचं का इल्ल म्हनायचं, ते एकदा ठरवून सांगा.” सभा हसली. इल्ल म्हणजे नाही. इतिवृत्तात मी हे घेतले नाही.

पंचनाम्याची अडचण निराळी होती. जी वस्तू आहे तिचा पंचनामा कसा करायचा, हे सगळ्यांना माहीत असते : लांबी, रुंदी, स्थिती. आम्हाला जी वस्तू नाही तिचा करायचा होता. पहिल्या दिवशी पाच घरे झाली. फोटो मोबाईलवरून सोलापूरच्या कार्यालयातल्या अभियंत्यांना पाठवले. त्यांचा फोन आला.

“हे मोकळ्या अंगणाचे फोटो आहेत.”

“हो.”

“यात दाखवलंय काय?”

“हौद नाही, हे.”

“ते फोटोत कसं दिसणार? हौद फोटोच्या बाहेर असला तर?”

आक्षेप रास्त होता. मग अंगणाच्या चारही बाजूंचे फोटो काढायचे ठरले आणि प्रत्येक फोटोत घरातल्या माणसाने पाटी धरून उभे राहायचे. पाटीवर घराचा क्रमांक आणि त्याखाली ‘हौद नाही’. पाटी रंगवताना इरण्णा म्हणाला, “साहेब, आमच्या ओणीत ह्येचा अर्थ ‘हो न्हाय’ आसा होतोय. परत घोळ हुईल बगा.” म्हणून पाटी फक्त फोटोपुरती बाहेर काढली आणि लगेच झाकून ठेवली.

बावीस घरे तीन दिवसांत झाली. तेविसावे घर शरणव्वांचे.

त्यांच्या परसात हौद होता.

तो सासऱ्यांनी बैलांना पाणी पाजण्यासाठी बांधला होता. दगड आणि चुना. बैल विकले त्याला बरीच वर्षे झाली होती. एका भिंतीला वरपासून तळापर्यंत तडा गेलेला, आत निम्म्यापर्यंत गोवऱ्या रचलेल्या आणि गोवऱ्यांवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. सर्वेक्षणातली तरुणी परसात गेली नव्हती. तिच्या चुकीच्या तेवीस नोंदींपैकी एक, योगायोगाने, खरी निघाली.

शरणव्वांनी माझ्याकडे पाहिले, मग हौदाकडे.

“न्हाय म्हणून लिवा की.”

“आहे तर नाही कसं लिहू?”

“पाणी ऱ्हातंय का त्येच्यात?”

“राहत नाही.”

“मंग हौद कसला त्यो? कोंबडीचं घर हाय.”

पंच म्हणून आलेले दोघे वरच्या ओणीतले होते. त्यांच्यातला एकजण म्हणाला, “साहेब, लिवा न्हाय म्हणून. आमी सही करतो. कोण येतंय बगायला?”

मी लिहिले नाही. जे दिसले ते लिहिले. माझी चार वाक्ये अशी होती : ‘परसात हौद आहे. त्यास तडा गेला आहे. पाणी राहत नाही. सध्या गोवऱ्या ठेवण्यासाठी वापर.’ शरणव्वांना वाचून दाखवले. इरण्णाने कानडीतून सांगितले. त्यांनी ऐकले आणि सही केली. त्यांची सही कानडीत असे.

बातमीचे पहिले वाक्य लिहिण्याचा एक नियम आम्ही नव्या मुलांना शिकवत असू. वाचणारा पहिल्या वाक्यापुढे जाईल असे धरून चालायचे नाही. मुख्य गोष्ट तिथेच आली पाहिजे. शरणव्वांच्या घरची मुख्य गोष्ट ‘पाणी साठवण्याची सोय नाही’ ही होती. मी ती तिसऱ्या वाक्यात ठेवली. पहिल्या वाक्यात ‘आहे’ ठेवले.

तीन आठवड्यांनी मान्यता आली. सुधारित यादीत बावीस घरे होती. शरणव्वांच्या नावावर रेघ होती आणि समासात शेरा : हौद आहे.

मोहित्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी जेसीबी ओणीत शिरला. मी शरणव्वांकडे गेलो. चर त्यांच्या दारासमोरूनच जाणार होता.

“माज्या घराचं कुनी लिवलं हुतं?” त्यांनी विचारले.

“मी.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पिठाच्या परातीकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी इरण्णाचा फोन आला. “साहेब, पंचांना घिऊन या. आनि कागद आना.” मी पोहोचलो तेव्हा परसात ओणीतल्या सात-आठ बायका उभ्या होत्या. कोंबडी अंड्यांसकट एका टोपलीत होती. गोवऱ्या भिंतीकडेला रचलेल्या. शरणव्वांच्या हातात पहार होती आणि हौदाची एक भिंत खाली आलेली होती.

“पंच आले का?” त्यांनी विचारले. “बगा नीट. मंग म्हनाल, आमी बगितलं न्हाय.”

त्यांनी आणखी दोन दगड सोडवले. गुडघ्यामुळे त्यांना पाय रोवून उभे राहता येत नव्हते. इरण्णाने पहार घेतली. उरलेल्या तीन भिंती पाडायला त्याला तासभर लागला. चुना जुना आणि घट्ट होता.

“सासरा असता तर हाकलून दिलं असतं मला,” शरणव्वा म्हणाल्या. एक बाई म्हणाली, “सासरा असता तर त्येलाच पाणी आनायला धाडलं असतं तू.” बायका हसल्या. शरणव्वाही हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता न्हाय. आता तरी न्हाय म्हणून लिवाल का?”

दुसऱ्या पंचनाम्याचे पहिले वाक्य : ‘घरात किंवा परसात हौद नाही.’ दुसरे वाक्य लिहिले नाही. कागद त्याच दिवशी सोलापूरला, हातोहात दिला. अमावास्येला नऊ दिवस होते. अभियंत्यांनी फोटो पाहिले आणि सांगितले की एका नावासाठी यादी पुन्हा उघडावी लागेल, बैठकीत घेऊ. बैठक कधी, हे त्यांना सांगता येत नव्हते. मी पाच वेळा फोन केला. चार वेळा त्यांनी उचलला.

येळ अमावास्येला इरण्णाने मला शेतावर जेवायला बोलावले होते. कडब्याची खोप, आंबील, डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. शरणव्वाही होत्या, भाकरी त्यांची होती. सिद्धाराम आदल्या दिवशी आलेला. तिशीतला, शांत माणूस. माझ्या ताटात आंबील वाढताना त्याने विचारले, “कागद आला का, साहेब?”

“नाही.”

“मंग उद्या टेम्पो सांगितलाय.”

“आणखी थोडे दिवस...”

“तुमचं खोटं नसंल, साहेब. पन आईला रातच्याला पाय दाबून द्यायला हितं कोन हाय?”

शरणव्वा पलीकडून म्हणाल्या, “जेवून घे आदी. टेम्पो काय पळून जातोय?”

टेम्पो दुसऱ्या दिवशी दहा वाजता आला. परात, पोळपाट, लोखंडी तवा, पिठाचे दोन डबे, एक ट्रंक. कोंबडी इरण्णाच्या बायकोला दिली. ओणीत त्या वेळी पाइप जोडण्याचे काम चालू होते. टेम्पोला वाट देण्यासाठी कामगारांनी चरावर फळ्या टाकल्या.

मान्यता पौषाच्या अखेरीस आली. एक नाव, एक ओळ. पण जोडणीसाठी घरमालकाची संमतीपत्रावर सही लागते आणि ती पंधरा दिवसांत मिळाली नाही तर जोडणी रद्द होऊन पुढच्या टप्प्यात जाते. सिद्धारामला फोन केला. तो म्हणाला, “आई आता इथंच ऱ्हाती, साहेब. राहू द्या.” सही आणायला कोणाला पाठवता येईल का, असे मी कार्यालयात विचारले. समन्वयकाने जावे असे उत्तर आले. कोणी तसे सांगितले नसते तरी मी जाणार होतो.

सिद्धारामची खोली सोलापुरात, यंत्रमागांच्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर होती. शेजारच्या गॅलरीत दोन बायका तेलुगूत बोलत होत्या. जिन्यापासून दारापर्यंत निळी पिंपे ओळीने भरलेली. त्या भागात पाणी रोज येत नव्हते. ज्या दिवशी येई, त्या दिवशी घरातल्या एकाला कामावर उशीर होई.

शरणव्वा खोलीत भाकरी थापत होत्या, गॅसवर. गॅसवरच्या भाकरीला दुकानदार नाके मुरडतो, असे त्यांनी आधी सांगितले. मग पिंपांकडे हात केला. “हितं बी साठवूनच ठेवायचं. वर जिना.”

मी संमतीपत्र काढले. सिद्धारामची बायको चहाचे कप घेऊन दारात थांबली. सिद्धाराम रात्रपाळी करून आला होता आणि भिंतीला टेकून बसला होता.

“सही केली तर मला तितं ऱ्हावंच लागतंय का?” शरणव्वांनी विचारले.

“नाही. नळ तुमच्या नावावर होईल, एवढंच.”

“पाणी सोडताना मी असलं पायजे?”

“नाही.”

“न्हाय केली तर?”

“पुढच्या टप्प्यात. दोन वर्षं.”

त्यांनी हात पदराला पुसले. पेन घेतले.

“आई, परत जायचं हाय का तुला?” सिद्धारामने विचारले.

“मी फकस्त सही करायलेय.”

“त्येच विचारायलो.”

“तुज्या बानं मरताना मला घर दिलंय, ते मोकळं सोडू व्हय? कागद हाय, सही करते. उद्याचं उद्या.”

त्यांनी कानडीत सही केली. सुनेने चहा दिला. निघताना सिद्धाराम जिन्यापर्यंत आला. पिंपांना अंग घासू नये म्हणून आम्ही एकामागे एक उतरलो. खाली तो म्हणाला, “साहेब, मी तिला जबरदस्तीनं न्हाय आनली.” मी म्हणालो, मला माहीत आहे.

खालच्या ओणीत पाणी माघात सुटले. त्या दिवशीचा तक्ता इरण्णाने भरला आहे. बावीस घरांपुढे ‘चालू’. शरणव्वांच्या घरापुढे ‘कुलूप’. नळ बाहेरच्या भिंतीला होता, म्हणून त्याने तोटी उघडून पाणी येते का ते पाहिले आणि बंद केली. तशी नोंद आहे.

माझा करार फाल्गुनअखेर संपला. कार्यभार सोपवताना फाल्गुनातला शेवटचा तक्ता मी इरण्णाकडून घेतला आणि त्याची प्रत फाईलला लावली. तक्त्यात पाच रकाने आहेत : क्रमांक, ग्राहकाचे नाव, नळाची स्थिती, मीटर आणि घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. पहिल्या बावीस ओळींत कोठे चार, कोठे सहा, एका ठिकाणी अकरा असे आकडे आहेत. तेविसाव्या ओळीत ग्राहकाचे नाव शरणव्वा, नळाची स्थिती ‘चालू’, मीटर ‘ठीक’ आणि घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या ‘एक’ अशी नोंद आहे.